पाय धुण्याचा ठराव

हैबतराव रोह्याला बहिणीच्या दारात आला तो आईसाठी नवं लुगडं घेऊन. बाप गेल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता.

"आये, गावात मोठा कार्यक्रम हाय. परवा गाडी पाठवतो," तो म्हणाला.

हैबतराव धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावचा सरपंच. आपली संस्कृती जपायची म्हणून त्याच्या सूचनेवरून ग्रामपंचायतीने ठराव केला होता, की प्रत्येक मुलाने रोज सकाळी आईवडिलांचे पाय धुऊन मगच घराबाहेर पडावं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की त्याची सुरुवात सरपंचाने करायची होती. पेणहून पुढारी येणार होते.

तो गेल्यावर बहीण नम्रता आईला म्हणाली, "जाऊ नको गो आये. त्याला फोटो पायजे फक्त."

"ठाव हाय," हौसाबाई म्हणाली. "माझी पेटी भर. सगले कपडे घाल."

हैबतरावाने बंगला बांधला तेव्हा आईबापांना मागच्या खताच्या खोलीत टाकलं होतं. बाप गुणाजीचा जन्म मिठागरात गेलेला, म्हातारपणी खोकला लागला, आणि तो खोकला पाहुण्यांच्या कानावर जायला नको होता. हैबतराव सरपंच झाला त्या दिवशी वर जेवणावळ चालली होती आणि खाली गुणाजीला श्वास लागला. हौसाबाई वर धावली. सून मृणालीने तिला जिन्यातच अडवलं. "मंडळी जेवतायत. उठली की बघू." हौसाबाईने तिच्या खांद्यावरून लेकाला हाक मारली. त्याने वळून बघितलं आणि पुन्हा पंगतीकडे तोंड केलं. मंडळी उठली तोवर गुणाजी युरियाच्या गोणींमध्ये गेला होता. तेराव्यानंतर नम्रताने आईला रोह्याला नेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात हैबतरावाने परातीत आईचे पाय धुतले, पंच्याने पुसले, त्यावर डोकं टेकलं. फोटो निघाले. पुढारी म्हणाले, असा पुत्र घरोघरी जन्मावा. मग त्यांनी कौतुकाने माईक हौसाबाईपुढे धरला.

"माझा ल्योक रोज पाय धुणार हाय," ती म्हणाली. "मंग मी आता त्याच्याकडंच राहाते. सकाळी सगल्यांनी बघाला या."

टाळ्या पडल्या. हैबतरावालाही वाजवाव्या लागल्या.

बंगल्यावर मृणालीने वरची खोली उघडली. हौसाबाई तिकडे गेली नाही. तिने खताच्या खोलीत खाट टाकायला लावली आणि दार सताड उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बायका आल्या, वाट वाकडी करून शेतावर जाणारे आले, पेणचा एक वार्ताहरही आला. हैबतराव तांब्या घेऊन गोणींमध्ये उकिडवा बसला. हौसाबाई प्रत्येकाला सांगत होती, "हा कोपरा बघितलास? इथं माझा घरवाला गेला. वर पंगत बसलेली."

रोज हेच चाललं. वडखळच्या चहाच्या टपरीपर्यंत गोष्ट पोचली. हैबतराव हात जोडून म्हणाला, "आये, वर चल. लोक काय बोलतात."

"बोलतात ते खोटं हाय का?"

त्याने मासिक सभेत ठराव मागे घ्यायची गोष्ट काढली. जुने सदस्य दत्तात्रेय म्हात्रे शांतपणे म्हणाले, "आईचे पाय धुवायची लाज वाटते का, सरपंच?" अनुमोदन द्यायला एकही हात वर झाला नाही. पुढच्या निवडणुकीत पॅनलने त्याचं नाव वगळलं. पुढाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं.

नम्रता भेटायला आली. खताच्या वासाने म्हातारीलाही खोकला धरला होता.

"आये, त्याचं सगलं गेलं. आता पुरे कर. चल माझ्याकडं."

"नाय," हौसाबाई म्हणाली. "मी इथनं हालले का तो सगलं विसरंल."

हिवाळ्यातल्या एका सकाळी बघायला कोणीच आलं नाही. लोकांना आता त्यात नवल उरलं नव्हतं. तरी हैबतराव तांब्या घेऊन आला. आईचा पाय हातात धरून तो रडायला लागला.

"आये, चुकलं माझं. माफ कर."

हौसाबाईने त्याच्या पिकल्या केसांकडे बघितलं.

"माफी तुझ्या बापाजवल मागायची व्हती," ती म्हणाली. "तो हितं पडला व्हता. मी हाक मारली तवा तू वर व्हतास."

आणि तिने दुसरा पाय पुढे केला.