आबांनी न म्हटलेलं आमेन

चैत्र सरताना सातपुड्याकडचा कोरडा वारा आमच्या चोपड्याच्या घरात शिरायचा आणि ओट्यावर बसलेल्या आबांच्या मांडीवर उघड्या पवित्र शास्त्राची, बायबलची, पातळ पानं सळसळू लागायची; वाऱ्याला पुढचं पान हवं असायचं आणि आबांचा अंगठा नेमका मागचं उलटायचा. आबा म्हणजे माझे सासरे. आश्रमशाळेत शिकवून निवृत्त झालेले, आणि डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराखाली दर रविवारी जमणाऱ्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतले सर्वांत वृद्ध वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ कारभारी. कुणी एखादं वचन छाती फुगवून म्हणून दाखवलं, की ते डोळे न उचलता सांगायचे, "वरलं वाच, खाललं वाच, मंग बोल." ही सवय शास्त्रापुरती नव्हती. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, सगळंच ते वरून खाली आणि खालून पुन्हा वर वाचत. धुळ्याला माहेरी गेले की मी सांगत असे, आमच्या सासऱ्यांनी तपासल्याशिवाय चोपड्यात कुणाला मरायचीही सोय नाही.

माझे यजमान दीपनगरला नोकरीला, आठवड्याने घरी येणारे. त्यामुळे रविवारी आबांना मागे बसवून स्कूटी हाकण्याचं काम माझ्याकडे होतं. केळीच्या बागांचा ओला गारवा मागे पडायचा, पऱ्हाटीची मोकळी रानं लागायची, मग सागाची वाळकी पानं चाकाखाली चुरचुरू लागायची, आणि या साऱ्या वाटेवर आबा त्या दिवशीचं प्रवचन पुटपुटत स्वतःशीच वाद घालत. त्यांचा विश्वास दृढ होता, पण तो स्वस्थ बसणारा नव्हता. लोक त्यांना शांत म्हणत, कारण लोकांनी त्यांना समोरून पाहिलं होतं. मी त्यांना स्कूटीवर माझ्या पाठीमागून ऐकलं आहे.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कोवळी गोष्ट होती त्यांची लेक सुशीला, माझी नणंद. तिला लहानपणापासून फिट यायच्या. एकदा चुलीजवळ असताना आली, आणि कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी कायमची आकसून गेली. तेव्हापासून दिवेलागणीला आबा तळहातावर गुळाचा खडा आणि त्यावर पांढरी गोळी घेऊन तिच्यासमोर उभे राहत, ही त्या घरातली रोजची सांजप्रार्थनाच होती असं शेजारीपाजारी सांगत. तिला रावेरच्या विनोदचं स्थळ आलं तेव्हा आबांनी पाहुण्यांच्या हातात चहा देण्याआधीच आजाराचं सांगून टाकलं. लपवून लग्न लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गोळ्या चालू राहिल्या आणि फिट दूर राहिल्या, संसार सुखाचा झाला. तरीही सुशीलाच्या मनात एक सल होता, आणि तो मी ओळखून होते. तिला बरं व्हायचं होतं. गोळी घेऊन बरं राहणं तिला पुरत नव्हतं.

त्याच सुमारास तापीच्या खोऱ्यात स्वतःला प्रेषित म्हणवून घेणारा एक उपदेशक फिरू लागला. पांढरा झब्बा, भरदार आवाज, सोबत मोठे भोंगे. त्याच्या बोलण्यात उन्हाळ्यातल्या वावटळीचा वेग होता आणि समोरच्याला विचार करायला उसंत मिळत नसे. त्याचं म्हणणं असं, की ज्याचं शरीर आजारी त्याचा विश्वास आजारी, आणि गोळी गिळणं म्हणजे प्रभूच्या तोंडावर अविश्वास थुंकणं. जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी तो मोबाइलवरून प्रार्थना करी. लोक पडद्यासमोर पाण्याचा पेला ठेवत आणि प्रार्थना संपली की ते पाणी आजाऱ्याला पाजत. आमच्या मंडळीतल्या ज्या कुटुंबांनी पूर्वी भगताच्या मंतरलेल्या पाण्याला रामराम ठोकला होता, त्यांच्याच कोनाड्यात आता हे पेले मांडलेले दिसू लागले, आणि आपण जुन्याच दारातून आत आलो आहोत हे कुणाच्या ध्यानी येईना. आबांनी अशाच एका घरी तो पेला पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी तो उचलून खिडकीतून बाहेर ओतला नाही, ओरडले नाहीत. घरच्या म्हातारीकडे प्यायला साधं पाणी मागितलं आणि निघून आले.

पण घरी आल्यावर त्यांना चैन पडेना. अंगणातली खाट ते सावलीबरोबर सरकवत राहायचे, आणि सावली नसलेल्या बाजूलाही सरकवायचे. कळण्याची भाकरी ताटात निवून जायची. कारण बातमी आली होती, की रावेरच्या सभेत प्रेषिताने सुशीलाच्या डोक्यावर हात ठेवला, तू बरी झालीस असं जाहीर केलं, आणि तिने गोळ्यांची पाकिटं त्याच्या पायाशी टाकली. विनोदनेही टाळ्या वाजवल्या.

फोनवर आबा तिला समजावत राहिले. आजारी राजाच्या गळवावर संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला सांगितला, पोटाच्या दुखण्याने हैराण झालेल्या तरुण शिष्याला त्या काळच्या खऱ्या प्रेषिताने उपाय सुचवला. हे शास्त्रातच आहे, आणि त्यात कुणाचा विश्वास उणा पडलेला नाही. पण सुशीलाकडे प्रेषिताने दिलेलं एकच वचन होतं, झटके येणाऱ्या त्या मुलाचं, ज्याला प्रभूने एका शब्दाने बरं केलं. आबा त्या गोष्टीपाशी अडायचे. ती खोटी आहे असं त्यांना म्हणता येत नव्हतं; त्यांचा तिच्यावर सुशीलापेक्षा जास्त विश्वास होता. मी पाहिलं आहे, ते तेच पान उघडून बसत, वरचं वाचत, खालचं वाचत, आणि मग डोंगराकडे बघत राहत. सपशेल खोट्याशी त्यांनी सहज झुंज घेतली असती. इथे खऱ्याचाच पदर धरून खोटं घरात शिरलं होतं, आणि त्याने त्यांच्या लेकीचा हात धरला होता.

मग तो रविवार आला. सुशीला साक्ष द्यायला माहेरच्या मंडळीत आली. आमच्याकडे रीत अशी, की कुणीही साक्ष दिली की सर्वांत वृद्ध वडील पहिलं आमेन म्हणतात आणि त्यांच्या पाठोपाठ सगळी मंडळी. त्याशिवाय साक्ष मंडळीची होत नाही. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. हिरव्या साडीत ती इतकी सुंदर दिसत होती, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सांगितलं, मी मुक्त झाले, गोळ्या सोडल्या, आता मी इतरांसारखी आहे. तिने बापाकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. डफ घेतलेला माणूस हात वर करून थांबला होता.

आबांचे ओठ हलले नाहीत. ते उठले, तिच्याजवळ गेले, आणि भरल्या मंडळीत इतक्या हळू आवाजात बोलले की मागच्यांना ऐकायला मान पुढे काढावी लागली: "बेटा, काल सांजनी गोळी खादी का?"

तिने पदर खोचला, विनोदच्या मोटरसायकलवर बसली, आणि फुफाटा उडवत दोघं दिसेनासे झाले. त्याच आठवड्यात निम्मी मंडळी प्रेषिताकडे गेली. उरलेल्यांतही कुजबुज होतीच, की म्हाताऱ्याला स्वतःच्या पोरीचा आनंद बघवला नाही. मला संताप यायचा. मी दोघीतिघींशी तोंड वाजवून भांडलेही. आबा मात्र त्या आरोपाला उत्तर देत नसत, कारण तोच आरोप ते स्वतःवर करत होते.

सुशीलाने अबोला धरला. मी फोन केला की ती कापायची. पावसाळा गेला, कपाशी फुटली, रानं पांढरी झाली, हिवाळ्यात ओट्यावरचं ऊन मऊ झालं; पण आबांच्या चेहऱ्यावर ते पूर्वीसारखं टिकत नसे. रावेरकडून कुणीही आलं की ते आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत, काही वाईट बातमी आहे का ते शोधत, आणि मगच या बसा म्हणत. एका संध्याकाळी मी कंदुरीच्या वेलाला पाणी घालत असताना ते माझ्या पाठीशी येऊन म्हणाले, "मी देवनं राखं का मनं राखं, हाई मालेच कयत नही." देवाचं राखलं की स्वतःचंच, हे त्यांना कळत नव्हतं. तुम्ही तिचा जीव राखलात, असं मी म्हणाले. ते हसले. त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता.

फाल्गुनात ते गेले. दुपारी खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेवटचं वाक्य नाही, निरोप नाही, काही नाही. सुशीला आली तेव्हा माती देऊन झाली होती. ती सरळ मोरीत बसून भांडी घासू लागली, आणि मी राख घेऊन तिच्या शेजारी बसले.

"वहिनी," ती म्हणाली, "त्याच दिनले मी गोळी लिधी. घर गई आनी लिधी. रागमा लिधी, पन लिधी."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ती खाली मान घालून सांगत गेली. आमेनसाठी थांबलेल्या त्या क्षणी तिला कळून चुकलं होतं, की जगातला जो माणूस तिच्या सुखासाठी काहीही करील, तो हे एक करत नाही, त्या अर्थी त्याला खरंच भीती वाटते आहे. ती भीती तिच्याबरोबर रावेरला आली. घरात एक जुनं पाकीट उरलं होतं; विनोदला कळू नये म्हणून ते आणि नंतर आणलेल्या गोळ्या तिने बाजरीच्या डब्यात ठेवल्या आणि एकही दिवस चुकवला नाही. बापाला मात्र कळवलं नाही. चारचौघांत झालेला अपमान ती विसरली नव्हती, आणि राग उतरला की सांगू, सणाला जाऊ तेव्हा सांगू, असं ती म्हणत राहिली.

आबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. एवढंसं वाक्य, फोनवर मावलं असतं. त्यांनी एक अख्खं वर्ष या प्रश्नात काढलं, आणि उत्तर तिकडे रावेरला, बाजरीच्या डब्यात, रोज संध्याकाळी उघडत आणि मिटत होतं.

विनोदला आता सगळं ठाऊक आहे. सुशीला दर महिन्याला येते, पत्र्याच्या छपराखाली मागच्या सतरंजीवर बसते, आणि चाळिशीतही तिच्या कपाळावर एक निरोगी, शांत तेज आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी सगळ्यांची भेट होणार, हे आबांनीच मला शिकवलं, आणि मी ते मनापासून मानते. पण त्या सकाळपर्यंतच्या साऱ्या संध्याकाळी सांगायची गोष्ट आमच्या घरात आहे, आणि ऐकणारा नाही.