विषयांतर

पाठीमागे सगळे त्यांना ‘हं सर’ म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मानसोपचार केंद्रातले ते सगळ्यांत जुने मानसतज्ज्ञ. समोरचा माणूस बोलू लागला की हे अधूनमधून ‘हं’ म्हणायचे, तो थांबला की हेही थांबायचे, आणि मग दोघं मिळून खिडकीकडे बघत बसायचे. शिकाऊ पोरं कॅन्टीनमध्ये त्यांची हुबेहूब नक्कल करायची. पण त्या ‘हं’चे प्रकार किती, हे पोरांना कुठून कळायला? ‘ऐकतोय’ म्हणणारा वेगळा, ‘थापा पुरे’ म्हणणारा वेगळा, आणि ‘आता पुढचं काहीही बोललात तरी मी इथून उठून जाणार नाही’ असं सांगणारा तर फार क्वचित निघायचा. सरांची बायको म्हणायची, “घरी मला यातला एकच मिळतो, तोही यांचं डोकं पेपरात असताना.”

मग केंद्राला नव्या प्रमुख आल्या. नव्या कसल्या, सरांचीच विद्यार्थिनी! पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणारी. मोठ्या संशोधन संस्थेत वर्षं काढून आली होती आणि येताना खोकी भरून शोधनिबंध घेऊन आली होती. पहिल्याच बैठकीत तिने पडद्यावर आलेख दाखवले. जगभर आता हेच चाललंय, ती म्हणाली. कुठल्या उपचाराने माणसं बरी होतात ते मोजायचं, आणि ज्याने होतात तो सगळ्यांनी सारखाच द्यायचा. ज्याच्या त्याच्या लहरीवर रुग्ण सोडायचे नाहीत. त्यासाठी एक पुस्तिका छापून आली. भेटीच्या सुरुवातीला कार्यक्रम ठरवायचा, मग मागच्या वेळचा गृहपाठ तपासायचा, मग तक्ता भरायचा, मग नवा गृहपाठ. प्रत्येक तज्ज्ञाने एका भेटीचं रेकॉर्डिंग द्यायचं, दोन परीक्षक ते ऐकून गुण देणार. कमी पडेल त्याने पुन्हा प्रशिक्षणाला बसायचं आणि तोवर त्याचे रुग्ण दुसऱ्याकडे जायचे.

आता सरांनी नाक मुरडून ती पुस्तिका कोपऱ्यात भिरकावली असती तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. म्हातारा हट्टी, प्रमुखबाई कोरड्या, संपलं. पण सरांनी पुस्तिका वाचली, तिच्यामागचे निबंधही वाचले, आणि त्यांच्या लक्षात आलं की संशोधन चोख आहे. लिफ्टमध्ये पाऊल टाकायला घाबरणाऱ्या माणसाला हेच तक्ते देऊन त्यांनी स्वतः बरं केलं होतं. तरी त्यांना राहवलं नाही. ते तिच्या खोलीत गेले.

“अगं, मला तुझ्या पुस्तिकेशी भांडण नाही. पण सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवणार तू?”

“सर, तुमच्याकडे येणाऱ्यांना बरं वाटतं, असं तुम्ही म्हणता. मला ते दाखवा.”

“आता ते कसं दाखवू?”

“तेच तर म्हणतेय मी. ‘मला वाटतं’ हा पुरावा नव्हे, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

शिकवलं होतं खरं. फळ्यावर लिहून, खाली दोनदा रेघ मारून. सर म्हणाले, “हं,” आणि उठले.

त्यांना मानपानाची फिकीर नव्हती. निवृत्ती तोंडावर आली होती, पुन्हा विद्यार्थी होऊन बसायलाही त्यांची ना नव्हती. फिकीर होती ती एका बाईची. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात ती इस्त्री करायची, म्हणून केंद्रात तिला सगळे इस्त्रीवाली म्हणत. तिची आई म्हातारपणी भ्रमिष्ट झाली होती. दार उघडं मिळालं की बाहेर पडायची आणि हरवायची. मग ही कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालून जाऊ लागली. एका दुपारी शेगडीवर काहीतरी करपलं, पेटलं, खोलीत धूर भरला, आणि म्हातारी दारापाशी मेलेली सापडली.

हे सगळं सरांना कळलं होतं ते बाईला केंद्रात पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून. बाईने स्वतः यातला एक शब्दही उच्चारला नव्हता. आठ महिने ती नेमाने येत होती आणि चादरींबद्दल बोलत होती. पाहुणे कसे घाण करतात, मॅनेजर कसा खेकसतो, गुडघे कसे दुखतात. बोलता बोलता मधेच थांबायची, ओठ हलायचे, आणि पुन्हा चादरींवर यायची. सर वाट बघत होते. ‘कुलूप’ हा शब्द तिच्या जिभेवर येऊन माघारी जाताना त्यांनी कितीदा तरी पाहिला होता. दुसऱ्या कुणाकडे तिला पाठवलं की तो पहिल्यापासून सुरुवात करणार, नाव काय, वय काय, झोप कशी लागते. बाई शहाण्यासारखी सगळी उत्तरं देईल आणि पुन्हा येणार नाही, याबद्दल सरांना तिळमात्र शंका नव्हती. तिला हातची जाऊ द्यायची नसेल तर गुण मिळवायलाच हवे होते.

रेकॉर्डिंगला परवानगी लागायची. सरांनी तिघांना विचारलं, तिघांनी नकारार्थी मान हलवली. इस्त्रीवालीने मात्र विचारलं, “तुमची परीक्षा आहे का, डॉक्टर?” सर डॉक्टर नव्हते, पण ती दुरुस्ती त्यांनी कधीच सोडून दिली होती.

“तसंच काहीसं.”

“या वयात?” ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला मनापासून हसताना सर बघत होते. “मग करा की. माझं काय जातंय?” सरांनी तिला पुस्तिकेतला गृहपाठाचा कागद भरून आणायला दिला.

त्या दिवशी टेबलावर रेकॉर्डर होता, त्याचा लाल दिवा लागलेला. सरांनी पुस्तिका दोनदा उघडून मिटली. बाई आली, खुर्चीत बसली, पिशवीत हात घालून काहीतरी चाचपलं आणि टेबलावर ठेवलं. टक् असा आवाज झाला. जुनी पितळेची किल्ली होती, काळ्या दोऱ्यात ओवलेली.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “आज मला जरा वेगळंच...”

सरांना किल्ली कसली आहे हे विचारायची गरजच नव्हती. याच क्षणासाठी तर ते इतके दिवस खिडकीकडे बघत बसले होते. आता फक्त एक ‘हं’ हवा होता, तो क्वचित निघणारा. तो घशापर्यंत आलाही. पण डोळ्यांसमोर लाल दिवा होता, आणि परीक्षकांच्या यादीतला तो रकानाही पाठ होता, ‘विषयांतर टाळले’. ही आता बोलायला लागली तर वेळ संपेपर्यंत थांबणार नाही, तिने थांबूही नये. गृहपाठ राहील, तक्ता राहील, सर नापास होतील, आणि पुढच्या भेटीला तिच्यासमोर दुसराच कुणी बसलेला असेल. एवढी एक भेट निभावली की झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. पुढच्या आठवड्यात ती आहे, मी आहे, आणि हा दिवा नसेल.

“बाई, ते आपण शेवटी घेऊ,” ते म्हणाले. “आधी आजचा कार्यक्रम ठरवू या.”

आणि तक्त्याला जागा करायला त्यांनी किल्ली बोटाने बाजूला सरकवली.

बाईने किल्लीकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग सरांकडे. “बरं,” ती म्हणाली. पिशवीतून तिने गृहपाठाचा कागद काढला आणि घडी उलगडली. काय सुरेख भरला होता! मॅनेजर खेकसला तेव्हा मनात काय आलं, त्याला पुरावा काय, दुसरं कसं बघता येईल, सगळं जागच्या जागी. सर विचारत गेले, ती उत्तरं देत गेली, एकाही वाक्यात अडखळली नाही. तसा एक ‘हं’ही सरांना म्हणावा लागला नाही.

शेवटी थोडा वेळ उरला. “हं, आता बोला,” सर म्हणाले. “मघाशी काय सांगत होतात?”

“काही नाही डॉक्टर. तसं काही विशेष नव्हतं.”

तिने किल्ली उचलली आणि पिशवीत टाकली. निघताना प्रत्येकाला एक छोटा कागद भरून द्यावा लागे. त्यावर पहिलंच वाक्य होतं, ‘आज माझं ऐकून घेतलं गेलं’. तिने त्यापुढे दहापैकी दहा गुण दिले.

निकाल लागला. दोन्ही परीक्षकांनी दिलेले गुण केंद्रात सर्वांत जास्त होते. शेरा होता, ‘रुग्णाने सुरुवातीलाच विषयांतराचा प्रयत्न केला असता तज्ज्ञाने तो सौम्यपणे व ठामपणे हाताळला.’ प्रमुखबाई स्वतः सरांच्या खोलीत आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “मला ठाऊक होतं सर. लोक म्हणत होते, त्यांना जमणार नाही. मी म्हटलं, तुम्ही माझ्या सरांना ओळखत नाही.” त्यांचा आनंद अगदी खरा होता. त्यांच्यावर चिडायचीही सोय सरांना उरली नाही.

इस्त्रीवाली पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. सरांनी त्या वेळेला दुसरं कुणी घेतलं नाही, दार किलकिलं ठेवून ते बसून राहिले. संगणकावर तिच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण, सुधारणा’ असं आलं. पद्धतच तशी होती. माणूस यायचा थांबला की त्याचे शेवटचे गुण धरायचे, आणि तिचे शेवटचे गुण उत्तमच होते. केंद्राचा स्वतःचा शोधनिबंध तयार होत होता, त्यातल्या बऱ्या झालेल्यांत ती जाऊन बसली. सरांनी एकदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. काय म्हणणार होते? या, आता मला वेळ आहे?

मग शिकाऊंच्या नव्या तुकडीचं प्रशिक्षण सुरू झालं आणि नमुना म्हणून सरांची भेट ऐकवायची ठरली. बाईची परवानगी रीतसर होतीच, कागदावर तिने सगळ्याच चौकोनांत खुणा केल्या होत्या. सरांना मानाने पुढच्या रांगेत बसवलं. दिवे मंद झाले आणि खोलीत तिचा आवाज आला. पोरं वह्या सरसावून ऐकत होती. सर स्वतःचा आवाज ऐकत होते. किती गोड, किती समजूतदार, आणि किती घाईत होता तो माणूस!

रेकॉर्डिंग संपल्यावर मागून एका मुलीने हात वर केला. “मॅडम, सुरुवातीला टक् असा आवाज येतो, तो कसला?”

“टेबलाला काहीतरी लागलं असेल,” प्रमुखबाई म्हणाल्या. “नाही का सर?”

“किल्ली होती,” सर म्हणाले.

“कसली किल्ली?”

“तिच्या घराची. तिच्या कुलपाची. ती तेच सांगायला आली होती.”

मग प्रमुखबाई तुकडीकडे वळल्या. “हे महत्त्वाचं आहे, लक्षात घ्या. रुग्ण वस्तू घेऊन येतात. आपण त्यांचा अपमान करायचा नाही, पण त्यांच्यामागे वाहवतही जायचं नाही. सरांनी ‘शेवटी घेऊ’ म्हटलं, बघा.”

“मग शेवटी त्या काय म्हणाल्या?” मुलीने विचारलं.

“काही विशेष नव्हतं म्हणाली,” सर म्हणाले. मुलीने तेही लिहून घेतलं.

सर तडक आपल्या खोलीत गेले, दार लावलं आणि फोन फिरवला. धुलाईघरातल्या कुणीतरी उचलला, हाक मारली. मागून वाफेचा फुसफुसाट ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने ती आली.

“कोण, डॉक्टर? बऱ्या आहात ना? म्हणजे, बरे आहात ना?” ती गडबडली. “मी येणार होते कळवायला. पण आता तसं बरं आहे माझं. म्हटलं, उगाच तुमची जागा कशाला अडवा.”

“बाई, त्या दिवशी...”

“पास झालात ना?”

“झालो,” ते म्हणाले.

“मग झालं तर! मला धाकधूक होती हो. तुम्ही इतके घाबरलेले दिसत होतात. म्हटलं, आपल्यामुळे यांचं काही चुकायला नको. तो कागद मी आदल्या दिवशी दोनदा लिहिला होता. बरोबर होता ना?”

“बरोबर होता,” सर म्हणाले. “बाई, ती किल्ली...”

पलीकडे वाफ फुसफुसत राहिली.

“कसली किल्ली, डॉक्टर?”

“हं,” सर म्हणाले. तोच, क्वचित निघणारा. आणि ते थांबले. खिडकीकडे बघत, फोन कानाला घट्ट लावून, ते थांबून राहिले.

“ठेवते हं डॉक्टर,” बाई म्हणाली. “इस्त्री तापलीय.”