घोडा कुणाचा

अथेन्समधल्या आमच्या ओतशाळेची रीत साधी होती. पुतळ्याच्या दगडी बैठकीवर एकच नाव कोरायचं, आणि ते ओताऱ्याचं. मेणात कुणीही घडवो, भट्टीपुढे भाजून निघतो तो ओतारी. वीस वर्षं ते नाव माझं, निकेरातोसचं. माझा एकही ओत कधी फसला नाही.

मग मेणकामाला लिकॉन आला. वय माझ्या निम्मं, बोलणं गोड, आणि हात... जाऊ दे, हात चांगला होता. ऑलिम्पियाला फानियासचा घोडा शर्यत जिंकला, तो लिकॉननं मेणात घडवला. मान अशी वळवली होती की आत्ता फुरफुरेल. खोटं कशाला बोलू, बघताक्षणी जळलो मी.

फानियास म्हणजे बड्या घरचा पोरगा, रोज सकाळी कुठल्याशा गुरूच्या बागेत जाऊन बसायचा. मेणाचा घोडा पाहून म्हणाला, "बैठकीवर लिकॉनचं नाव घाला."

"का हो? कांसं तर मी ओतणार."

"कांशाचं काय, त्याची घागरही होते. घोडा घोडा ठरतो तो रूपामुळे. रूप ज्यानं दिलं तोच कर्ता, असं आमचे गुरुजी सांगतात."

"मग नुसतं रूपच न्या घरी. कांसं तरी वाचेल."

सगळे हसले, पण नाव लिकॉनचंच ठरलं. वर तो मला म्हणतो, "वस्ताद, मी नकोच म्हणत होतो त्यांना." हे तर जास्तच झोंबलं. माझं नाव मी याच्याकडून भीक म्हणून घेऊ?

मेणावर मातीचा साचा चढवला, तापवला, मेण वाहून गेलं. हवा निघून कांशाला जागा व्हावी म्हणून ठेवलेल्या नळ्यांपैकी मानेजवळची मी मातीच्या गोळीनं बुजवली आणि कांसं ओतलं. साचा फोडला तर धड, पाय, शेपूट सगळं सुरेख. डोकंच नाही.

"आता कुठाय हो तुमचं रूप?" मी फानियासला विचारलं. मेण गेलं होतं, साचा फुटला होता, आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

लिकॉन साच्याचे तुकडे चाळत बसला होता. बुजलेली नळी त्याच्या हाताला लागली. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तुकडा गुपचूप मातीत चुरून टाकला.

पाच दिवसांत त्यानं तोच घोडा पुन्हा मेणात उभा केला. मान तर पहिल्याहून झकास. भोवती कुणी नाही असं पाहून म्हणाला, "वस्ताद, फानियासना मी समजावलंय. नाव तुमचंच येईल. फक्त या वेळी डोकंही नीट उतरू द्या."

मी ओतला. असा ओत मला पुन्हा जमायचा नाही.

देवळाच्या वाटेवर तो घोडा उभा आहे, खाली माझं नाव. लोक मला अडवून विचारतात, "ही मान कशी हो साधली?" मी पाय उचलून पुढे चालू लागतो. लिकॉन सोबत असला तर तोच सांगतो, "त्यांचा हातच तसा आहे." आणि मला त्याचा गळा धरावासा वाटतो.