सातवा धडा

सुनयनानं एंटर दाबलं आणि मितेशचं आठ दिवसांचं काम सर्व्हरवरून गेलं.

त्याचं काम तिनं आधी आपल्याकडे उतरवून घ्यायला हवं होतं. ते केलं नव्हतं, म्हणून सर्व्हर तिचे बदल घेईना. वैतागून तिनं नेटवरची एक आज्ञा जशीच्या तशी चिकटवली. सर्व्हरनं मुकाट ऐकलं आणि फक्त तिचं तेवढं ठेवलं. चार वाजता मितेश तेच काम क्लायंटला दाखवणार होता. त्यावर त्याची नोकरी पक्की व्हायची होती.

दहा वर्षं घरी काढून, बेचाळिसाव्या वर्षी ती रबाळ्याच्या या सॉफ्टवेअर ऑफिसात लागली होती. नवशिक्यांसाठीच्या दहा व्हिडिओंची यादी तिला मितेशनंच करून दिली होती. चार धडे पाहून बाई अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली. आता कानात इअरफोन खुपसून ती पाचवा पळवत होती आणि तिला रडू येत होतं.

"ताई," समोरून मितेश म्हणाला, "माजं फोल्डर सर्व्हरशी जुळत नाय. एरर देतंय. काय झालं हाय?"

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं.

"जुनं उडव ना. नवीन उतरवून घे."

"नक्की?"

"हो रे."

सहाव्या धड्यात कामाचं काही नव्हतं. सातव्यात शिकवणारी मुलगी हसून म्हणाली, "घाबरू नका. सर्व्हरवरचं पुसलं, तरी ज्याचं काम आहे त्याच्या मशीनवर पूर्ण प्रत असते. त्याला फक्त सांगा, तो परत चढवेल."

सुनयना ताडकन उठली. इअरफोन कानातून निसटले.

"मितेश, ते फोल्डर..."

"उडवलं. ट्रॅश पन साफ केला, जागाच नव्हती." तो खुशीत होता. "आता बघ, एक एरर नाय. थँक्यू हां ताई. तू लय लवकर शिकलीस."

पावणेचार झाले होते. त्यानं अजून आपलं काम उघडून पाहिलं नव्हतं. सुनयना त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि माउसवरचा त्याचा हात तिनं धरला.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "आधी माझं ऐक."