नेलेली कालवड

माझ्या आईबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं. "पोरीला टाकलं अन् कालवड नेली." चुलती ते भाकरी थापताना म्हणायची, धुणं धुताना म्हणायची, आणि पाहुणे आले की जरा जास्तच चवीनं म्हणायची.

बाप गेला तेव्हा मी चार वर्षांची होते. पुढं आईचा जाफराबादेकडं पाट लागला. पाट लावून गेलेल्या बाईचं लेकरू बापाच्या घरी राहतं, ही रीतच आहे. त्याबद्दल मी तिला बोल लावत नाही. पण कालवड? ती मामानं माझ्या दुधासाठी म्हणून दिलेली होती. जाताना आईनं मला ओट्यावर बसवलं आणि कालवडीचं दावं सोडलं. त्यानंतर ती कधी आली नाही. येता येत नव्हतं, असं लोक सांगतात. मी म्हणते, ज्याला यायचंय त्याला वाट सापडते.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा ती वारल्याचा निरोप माझ्या सासरी आला. मी अंगावर पाणी घेतलं आणि पुन्हा चुलीपाशी बसले. मालक माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला रडू येत नव्हतं, त्याला मी काय करू?

तेरावं झाल्यावर एक तरुण माणूस दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धूळ, हातात दावं, दाव्याला तांबडी गाय आणि मागं तिचं गोऱ्हं.

"मी कडूबा," तो म्हणाला. "तुझ्या आईचा धाकटा. ही गाय तुझी हाय, अक्का. जाताना आईनं सांगितल्तं."

"माझी कशी?"

"तुझ्या कालवडीची पणती हाय ही. गोऱ्हा झाला की आमच्या औताला, कालवड झाली की झुंबरची. आईनं ह्यात कधी बदल केला न्हाई."

झुंबर म्हणजे मी. पण मला राग आला तो आलाच. "वीस वरसानं गाय धाडली म्हंजी झालं का? सकाळी परत घेऊन जा."

त्यानं वाद घातला नाही. पाणी प्याला, भाकर खाल्ली आणि ओट्यावर टेकला. दोन दिवस चालून आलेला माणूस काय वाद घालणार.

दिवस मावळायला आला तशी मी चरवी घेऊन गाईखाली बसले. गोऱ्हं ढुसण्या देऊन दमलं, माझी बोटं दुखली, पण थेंब येईना. गाईनं पान्हा चोरला होता. मी म्हणाले, हिला पोसणारणीचाच गुण लागलाय.

"हाक मारावी लागती," कडूबा ओट्यावरून म्हणाला. "त्याबिगर सोडत न्हाई."

"नाव काय हिचं?"

"झुंबर."

मी चरवी खाली ठेवली.

"हिच्या मायचंबी झुंबरच व्हतं, तिच्या मायचंबी. आमच्या बापाला तुझं नाव घरात काढलेलं चालत नव्हतं. मंग आईनं गाईला ठिवलं. गाईला हाक मारली तर कोण काय म्हणतंय? रोज सांच्याला मारायची."

"कशी मारायची?"

त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्यानं होईना. "लांबवून," तो म्हणाला. "पर हळू."

स्वतःच्या नावानं कोण हाक मारतं? चुलती मला 'ए पोरी' म्हणायची, आणि सासरी तर मी सूनबाई. मी चरवी पुन्हा गुडघ्यांत धरली आणि गाईच्या पोटाला कपाळ टेकलं. "झुंबर," म्हणाले. गाय ढिम्म. मग पुन्हा, लांबवून, हळू, "ये गं झुंबर... ये गं माझे बाई."

चरवीत धार वाजली. तेव्हा मला रडू आलं, सगळं एकदम आलं. मी रडत राहिले आणि हातही चालू ठेवले, कारण पान्हा आल्यावर धार थांबवू नये.

सकाळी कडूबानं पटका बांधला आणि दाव्याला हात घातला. "नेऊ का परत?"

"गाय ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "गोऱ्हा औताला आला की ये, अन् घेऊन जा. आईची रीत हाय ती."