फायटरची जोडी

माझा भाचा लोकांचे मोडायला आलेले संसार सांधतो. म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय. त्याचं स्वतःचं लग्न अजून व्हायचंय. पण त्याचं म्हणणं असं, की दाताच्या डॉक्टरची स्वतःची दाढ किडलेली असावी लागते का? दाताच्या डॉक्टरचं उदाहरण त्याला सोयीचं पडतं, कारण तो शेजारच्याच खोलीत बसतो.

मी निवृत्त झाल्यापासून भाच्याच्या बाहेरच्या खोलीत असतो. आलेल्यांना पाणी देतो, आणि नवरा-बायको एकदम बोलायला लागले की पंखा वाढवतो.

आजवर एकाही जोडप्याचं जमलं नव्हतं. सगळी जोडपी आली ती जोडीने आणि गेली ती एकेकटी, मध्ये थोडा वेळ सोडून, कारण जिना एकच आहे. एकदा एक जोडपं चक्क हातात हात घालून आलं. 'मनात असेल ते सगळं बाहेर काढा,' भाचा म्हणाला. त्यांनी काढलं. ती दोघंही निघून गेल्यावर कळलं, की त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

भाच्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, याच इमारतीत खाली चष्म्याचं दुकान चालवतात. जिन्यावरून कोण उतरतं ते त्यांना गल्ल्यावरून दिसतं. शेवटी त्यांनी भाच्याला निर्वाणीचं सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत एक तरी जोडपं या जिन्यावरून एकत्र उतरताना मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाहीतर पाटी उतरव आणि दुकानात येऊन बस."

भाच्याला दुकानाची दहशत होती. "मामा, जन्मभर लोकांच्या नाकावर काचा ठेवून 'हे बरं की ते बरं' विचारत बसू?"

"इथे दुसरं काय विचारतोस?" मी म्हणालो. त्याला ते लागलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "मामा, आपण मासे आणू. पाण्यातले मासे बघितले की माणसाचा राग उतरतो. आणि जोडीच आणू. आलेल्यांच्या डोळ्यांसमोर सुखाने नांदणारी जोडी पाहिजे."

मासेवाल्याकडे मी बरोबर गेलो होतो, म्हणून झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगू शकतो.

"हे घ्या, फायटर," मासेवाला म्हणाला. छोट्या छोट्या बरण्यांत एकेक मासा, लांबलचक पर सोडून, पैठणी नेसून एकटाच बसल्यासारखा.

"फायटर?" मी म्हणालो.

"नावावर जाऊ नये, मामा," भाचा म्हणाला. "आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं नाव वाघ्या आहे. मांजर दिसलं की जिन्याखाली लपतो. हे बघा, मला याची जोडी हवी."

"तोलामोलाची देतो. कोणी कोणाला हार जायचा नाही."

"अगदी हेच! बरोबरीचं नातं. आणि दोघं एकाच घरात राहतील."

"घर एक असायला आमची काय हरकत?" म्हणत मासेवाल्याने एक निळा आणि एक लाल मासा दोन वेगळ्या पिशव्यांत घातला.

"दोन पिशव्या कशाला रे?" मी भाच्याला विचारलं.

"लग्नाआधी वेगळेच राहतात, मामा."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचं बेकरीवालं जोडपं यायचं होतं. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, की ही दोघं कित्येक महिने एकमेकांशी बोललेली नाहीत. बाई काउंटरवर, बुवा मागे भट्टीपाशी, आणि निरोप गिऱ्हाइकांमार्फत. पाव घ्यायला गेलेल्या माणसाला आधी आत जाऊन 'बिस्किटं संपलीत' असं सांगून यावं लागे आणि आतून 'मग मी काय नाचू?' हे उत्तर बाहेर आणावं लागे. मीही आणलेलं आहे. फक्त 'नाचू' जरा सौम्य करून. आता ती दोघं वेगळं व्हायला निघाली होती आणि बेकरी कोणाकडे राहणार यावर अडली होती. महिना संपत आला होता. भाच्याचं शेवटचं जोडपं होतं ते.

निळा मासा त्याने सकाळीच टाकीत सोडला होता. त्याला तो 'वधू' म्हणत होता. वर पिशवीत थांबला होता. टाकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी: 'इथे जोडी सुखाने नांदते.'

बेकरीवाली दाराजवळच्या खुर्चीत बसली, बेकरीवाले खिडकीजवळच्या. मध्ये टाकी, आणि टाकीमागे मी.

"बोलण्याआधी एक गोष्ट बघा," म्हणत भाच्याने पिशवी उघडून लाल मासा हळूच पाण्यात सोडला. "दोन जीव, एक घर."

क्षणभर दोन्ही मासे थबकले. मग दोघांचे कल्ले छत्रीसारखे उघडले, पर ताठ झाले, शेपट्या पसरल्या.

"पाहिलंत?" भाच्याचा आवाज भरून आला होता. "एकमेकांना पाहताच कसे फुलले!"

"मामा, तुमच्या भाच्याला सांगा," बेकरीवाले मला म्हणाले, "फुलणं वेगळं आणि फुगणं वेगळं. पिठात हयात गेलीय माझी. हे फुगलेत."

तेवढ्यात वराने वधूच्या शेपटीचा लचका तोडला.

"सुरुवातीला होतं असं," भाचा घाईघाईने म्हणाला. "भांड्याला भांडं लागायचंच."

"अहो, भांडं एकच आहे, म्हणून तर लागतंय!" बेकरीवाली कडाडली. शेपटीचा निळा तुकडा पाण्यात गरगरत होता, आणि वधू आता वराच्या कल्ल्याला झोंबली होती. बाई उभी राहिली, खिडकीकडे वळली आणि ओरडली, "अहो! बघत काय बसलात? काढा त्याला!"

बेकरीवाले ताडकन उठले. "कशाने काढू?"

"मामा, चहाची गाळणी द्या! आणि पाण्याचं भांडं!"

गाळणी मी अशी दिली, की जन्मात कोणाला काही इतक्या चटकन दिलं नसेल. बेकरीवाल्यांनी बाही वर करून हात कोपरापर्यंत टाकीत घातला.

"डावीकडून घ्या! डावीकडून! तुमची डावी नव्हे, खरी डावी!"

"डाव्याही दोन असतात का आता?"

"तुमच्या असतात! हां, आला, आला… धरा!"

निळा मासा गाळणीतून भांड्यात पडला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं होतं. चिठ्ठीतली शाई ओघळून 'इथे जोडी' एवढंच उरलं होतं. बेकरीवाले ओली गाळणी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"काय म्हणालीस मघाशी?"

"कोणाला?"

"अहो म्हणालीस."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "माशाला म्हणाले."

"माशाला अहो?"

"ओळख ना पाळख. एकदम अरेतुरे कशी करणार?"

भाच्याचं इकडे लक्षच नव्हतं. तो मासेवाल्याला फोन लावून त्याच्यावर खेकसत होता. घाईत स्पीकर चालू राहिला होता, म्हणून आम्हालाही ऐकू येत होतं.

"मी जोडी मागितली होती!"

"मग जोडीच दिली! दोन्ही नर, एका वजनाचे. बैलांची जोडी मागितलीत तर एक बैल आणि एक गाय देतात का?"

"अहो, नवरा-बायको हवे होते मला!"

"आधी सांगायचं. पण तेही एका टाकीत नसते राहिले, साहेब. अंडी घालण्यापुरती गाठ घालायची, तीही डोळ्यात तेल घालून. काम झालं की तो तिला हाकलतो, नाहीतर ती त्याला. फायटरला ज्याची त्याची टाकी लागते. फार तर मोठ्या टाकीत एखादी गोगलगाय चालते, तीसुद्धा त्याच्या स्वभावाला पटली तर."

"आणि दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर?"

"मध्ये पुठ्ठा लावा. नाहीतर काचेतून बघून दिवसभर फुगत बसतात आणि दमतात. रोज मिनिटभर बघू द्यायचं, तेवढा व्यायाम होतो. मग पुन्हा पुठ्ठा."

फोन बंद झाला. भाचा खुर्चीत असा बसला, जसा काही तो आत्ताच चष्म्याच्या दुकानात बसला होता.

"ऐकलंत?" बेकरीवाली म्हणाली. कोणामार्फत नाही, सरळ. "मी वेगळं काय म्हणत होते? भट्टी मागे, काउंटर पुढे. पण तुम्ही दर घटकेला पुढे येऊन माझ्या गिऱ्हाइकाला पाव दाबून दाखवता!"

"ताजा आहे हे कळायला नको त्याला?"

"तुम्ही दाबल्यावर तो ताजा राहतो कुठे?"

"आणि तू मागे येऊन भट्टीचं दार उघडून बघतेस, ते? माझा केक बसतो!"

"बसेल नाहीतर काय करेल? दिवसभर उभ्या असतो आम्ही!"

भाच्याने समजूत घालायला तोंड उघडलं. मी हळूच पंखा बंद केला, म्हणजे सगळं नीट ऐकू येईल, आणि त्याला गप्प राहायची खूण केली. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. ते भट्टीवरून बिस्किटांवर आणि बिस्किटांवरून एका जुन्या छत्रीवर गेलं. बेकरी कोणाकडे राहणार हा विषय मात्र कोणी काढला नाही. शेवटी दोघंही येऊन थांबली, ती निळ्या माशापाशी.

"हा मी नेणार," बाई म्हणाल्या. "शेपटी तुटलीय बिचाऱ्याची."

"काढला कोणी? मी."

"काढा म्हणालं कोण?"

"तू माशाला म्हणाली होतीस!"

बाईंनी निळ्याचं भांडं उचललं आणि त्या चालू लागल्या. बेकरीवाल्यांनी माझ्याकडून रिकामी बरणी मागून घेतली, लाल मासा तिच्यात उतरवून घेतला आणि ते बाईंच्या मागून धावले. "अगं, हळू! पाणी हिंदकळतंय! पायरी बघ!"

"मला पायऱ्या दिसतात!"

मी खिडकीशी गेलो. खाली मेहुणे दुकानाच्या दारात उभे होते. त्यांच्यासमोरून ती दोघं खांद्याला खांदा लावून, हातात एकेक मासा घेऊन, भर रस्त्यात एकमेकांवर ओरडत गेली. मेहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अहो, ती तर भांडत होती!" त्यांनी खालून मला सांगितलं.

"पण उतरली एकत्र ना? तुमच्या डोळ्यांनी दिसलं ना?"

मेहुण्यांचा हात पुन्हा चष्म्याकडे गेला.

"शंका असेल तर नंबर तपासून घ्या," मी म्हणालो. "दुकान घरचंच आहे."

पाटी राहिली. टाकी रिकामी आहे. भाचा म्हणतो, एखादी गोगलगाय आणावी, एकच.

बेकरीत आता काउंटरच्या एका टोकाला निळा आहे आणि भट्टीच्या बाजूला लाल. मध्ये पावाचा मोठा ट्रे उभा केलाय. ट्रेच्या पुढे बुवांनी यायचं नाही आणि मागे बाईंनी जायचं नाही. रोज मिनिटभर ट्रे बाजूला होतो. मासे फुगून घेतात, नवरा-बायकोही फुगून घेतात, आणि गिऱ्हाइकं तेवढा वेळ पाव धरून थांबतात. निळ्याची शेपटी पुन्हा फुटायला लागलीय.

काल मी होतो तिथे.

"अहो, पुरे झालं, ट्रे लावा!" बाई म्हणाल्या.

बेकरीवाले जागचे हलले नाहीत. "माशाला म्हणाली असेल," त्यांनी मला सांगितलं.

मी भट्टीच्या बाजूला बघितलं. बरणीतला लाल मासा खरंच वळला होता.