धूसर केलेले चेहरे

लेल्ला मुफीदांचा फोन आला तेव्हा नजला चहात पुदिना टाकत होती. लेल्ला मुफीदा, म्हणजे मुफीदाबाई, स्फाक्स शहरात बंदराच्या मागच्या बाजूला बायकांसाठी एक घर चालवायच्या. मारहाणीला कंटाळून, अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आलेल्या बायका तिथे राहायच्या, लाल मिरची कुटून हरीसा करायच्या आणि बरण्या भरून विकायच्या. त्या घराची वेबसाइट नजलाने करून दिली होती. ती सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

"पोरी, वर्दाचा चेहरा दिसतोय," मुफीदा म्हणाल्या. आवाज अगदी सपाट.

"कुठे दिसतोय?"

"तू केलंस त्यात. तिकडे कासरीनला, तिच्या सासरच्या गावी, नणंदेने पाहिला. नेटच्या दुकानात. वर्दाच्या मावशीने आत्ताच फोन करून सांगितलं."

"शक्यच नाही, लेल्ला. मी स्वतः सगळे चेहरे धूसर केलेत."

"मग नणंदेला काय स्वप्न पडलं?"

नजलाने लॅपटॉप उघडला. फोटो समोर होता. उखळापाशी बसलेली वर्दा, मिरचीने लाल झालेले हात स्पष्ट, आणि ओढणीच्या आत चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. मोबाईलवर पाहिलं, तिथेही तसंच. तिला जरा हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. फोटो काढायला वर्दा तयारच नव्हती. "माझं तोंड कुणाला दिसणार नाही ना, ताई? शपथ घे," असं ती दोन-दोनदा म्हणाली होती आणि नजलाने हसत हसत शपथ घेतली होती.

गल्लीच्या टोकाला शेदलीकाकांचं नेटचं दुकान होतं. तिथली यंत्रं शाळकरी पोरांनी बडवून बडवून म्हातारी झालेली. नजला चपला अडकवून तशीच धावली.

"काका, तुमचं सगळ्यांत जुनं यंत्र कुठलं?"

"सगळीच माझ्या वयाची आहेत. ते कोपऱ्यातलं बघ, त्याला कुणी हात लावत नाही."

कोपऱ्यातल्या यंत्रात कधीकाळचा ब्राउझर होता. फोटो वरून खाली हळूहळू उतरत गेला. आधी भिंत, मग ओढणी, मग कपाळ, मग भुवईवरचा व्रण, मग डोळे. वर्दा सरळ नजलाकडे बघत होती. धुक्याचा कुठे मागमूस नव्हता.

चेहरा धूसर करण्याची सूचना तिने पानात लिहून ठेवली होती. नव्या ब्राउझरना ती कळत होती. या जुन्याला ती भाषाच येत नव्हती, म्हणून त्याने सूचना सोडून दिली आणि फोटो जसा आला तसा मांडला. कासरीनच्या दुकानातही असंच एखादं यंत्र असणार.

ती घरी पळाली. खरं तर तेव्हाच तिने फोटो काढून टाकायला हवा होता. पण एवढंसं तर आहे, जुन्या ब्राउझरला समजेल अशा बोलीत तीच सूचना पुन्हा लिहू, चुटकीसरशी होईल, असं तिच्या मनाने घेतलं. तिने लिहिली आणि शेदलीकाकांना फोन लावला.

"काका, कोपऱ्यातल्या यंत्रावर पान पुन्हा उघडा. काय दिसतं?"

"बाईचं तोंड दिसतंय... थांब, आता पुसट झालं."

"आधी दिसलं?"

"दिसलं की. श्वास घेईपर्यंत राहिलं."

तिने फोटोवर वेगळा पडदा टाकून पाहिला. "आता काय?"

"कोपऱ्यातल्यावर पांढरा चौकोन. पण दाराजवळच्या यंत्रावर तो चौकोन बाजूला सरकलाय. तोंड मोकळंच आहे. अगं, आहे तरी कोण ती?"

नजलाने फोन ठेवून पुन्हा सूचना बदलली. एकीकडे झाकावं तर दुसरीकडे उघडं पडत होतं. अक्षरं चुकत होती, चहा कधीच गार झाला होता. तेवढ्यात मुफीदांचा पुन्हा फोन आला.

"मिटलं का?"

"होतंय लेल्ला, थोडं राहिलंय."

"वर्दाच्या नवऱ्याने तिच्या मावशीला गाठलंय. मागच्या भिंतीवरची गोदीची पाटी त्याने ओळखली म्हणे. आणि तुझं थोडं राहिलंय!"

तेव्हा कुठे नजलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने काहीच झाकलेलं नव्हतं. वर्दाचा उघडा चेहरा तिने घरोघरी पाठवला होता आणि सोबत विनंती जोडली होती, की कृपा करून दाखवताना तेवढा झाका. ज्या यंत्राला वाटलं त्याने विनंती ऐकली. ज्यांनी ऐकली त्यांच्याही पोटात मूळ फोटो होताच, माहीतगार माणसाने तो सहज बाहेर काढला असता. आणि नुसता चेहराच कशाला, पाटीकडे तर तिचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

तिने सगळे फोटो एका झटक्यात काढून टाकले. नुसता मदतीचा नंबर तेवढा ठेवला. मग गाडी घेऊन बंदराकडे निघाली.

वर्दा अंगणात उभी होती, हातात प्लास्टिकची पिशवी. रडत नव्हती. बाकीच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुणी नजलाकडे बघेना.

"वर्दा, मी काढून टाकले सगळे..."

"तू शपथ घेतली होतीस, ताई."

"माझ्या यंत्रावर नीट दिसत होतं गं."

"तुझ्या यंत्रावर," वर्दा म्हणाली. "मला वाटलं जिथे कुठे बघतील तिथे. मला काय कळतं त्यातलं?"

मुफीदांनी ओळखीच्या एका बाईची गाडी बोलावली होती. वर्दा मागच्या सीटवर आडवी झाली, अंगावर चादर ओढून घेतली. गाडी फाटकातून बाहेर पडली. नजलाने हात वर केला, पण चादर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो माणूस खरंच आला. दार धडाधड वाजवलं, नाव घेऊन ओरडला, चौकात तमाशा केला. मुफीदा दाराच्या फटीत उभ्या राहिल्या. "या नावाची इथे कुणी नाही," एवढंच बोलत राहिल्या, पोलीस येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत. पोलिसांनी समज देऊन सोडून दिलं.

नजलाने सगळं काम पहिल्यापासून केलं. चेहरे फोटोतच कायमचे विरघळवून टाकले, पाट्या, खिडक्या, दारं कापली, मूळ फोटो पुसले. एकेका बाईला शेजारी बसवून शेदलीकाकांच्या प्रत्येक यंत्रावर दाखवलं. सलूहा नावाच्या थोराड बाईने बराच वेळ निरखून मान हलवली. "बरंय. पण माझा नकोच," ती म्हणाली. नजलाने वाद न घालता तिचा काढून टाकला. पहिले फोटो मधल्या वेळात कुणी उतरवून घेतले असतील, ते कुठे कुठे पडून असतील, हे मात्र तिला कधीच कळणार नव्हतं. तो विचार आला की ती उठून पुन्हा शोधत बसायची.

महिनाभराने तिने धीर करून मुफीदांना विचारलं, "वर्दा कुठे आहे, लेल्ला? एकदा भेटून आले असते."

मुफीदा बरण्यांची झाकणं घट्ट करत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"सुखरूप आहे. कुठे ते नाही सांगणार. राग मानू नकोस, पोरी."

नजलाने मान खाली घातली आणि समोरची बरणी उचलून पुसायला घेतली.